वेधकाचा चेहरा

रविवारी संध्याकाळी आठ वाजता सुनीती म्हेत्रेच्या कोल्हापुरातल्या घरी ‘सातवी कक्षा’चा भाग सुरू झाला आणि मालिकेची नायिका पडद्यावर दिसलीच नाही. ती नायिका, ओवी जगदाळे, सुनीतीच्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या शेजारी कांदाभज्यांची बशी घेऊन बसली होती. पडद्यावर संवाद तिचे होते, हातवारे तिचे होते. पण अवकाशवेशात होता तो जुना, दाढीवाला वेधक. आवाजही त्याचाच.

“अरे, हा बाबा आज कुठनं उगवला?” आप्पा म्हणाले.

चोवीस वर्षं चाललेल्या या मालिकेत वेधकाचं शरीर थकलं की त्याची स्मृती नव्या शरीरात भरली जाई. चार नट झाले, वेधक तोच राहिला. पाचवं शरीर बाईचं असावं हा आग्रह सुनीतीचा. वाहिनीच्या बैठकीत उभं राहून ती म्हणाली होती, “स्मृतीला मिशा नसतात.” त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. ओवीचे बारा भाग झाले, घराघरांतून पसंतीही भरघोस येत होती. त्याच जोरावर उद्या तिचा पुढच्या वर्षीचा करार व्हायचा होता.

“सुनीतीताई, मी कुठाय?” ओवीने विचारलं.

सुनीती वाहिनीची मुख्य अभियंता होती. घरोघरी असलेला ‘रुचिपट’ तिनेच बांधला होता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला माणसाच्या त्वचेचा रंग किंचित बदलतो. पडद्यातला कॅमेरा त्यावरून नाडी मोजतो, डोळ्यांतल्या बाहुल्यांवरून लक्ष मोजतो आणि बघणाऱ्याला रुचेल तसा प्रकाश, संगीताचा वेग हळूच बदलतो. चेहरे बदलायची मुभा त्याला नव्हती. एकदाच दिली होती, ओवीच्या तिसऱ्या भागाआधी. बेळगावकडच्या कन्नड आवृत्तीत नटांचे ओठ संवादांशी जुळावेत म्हणून. काम झालं आणि ती मुभा बंद करायची राहून गेली.

राहून गेली ती सुनीतीकडून. पण तोंडातून निघालं भलतंच.

“आप्पा, हे तुमच्यामुळे! बाई वेधक झाली तर यानात भाजी निवडत बसेल, असं कोण म्हणालं होतं?”

आप्पांचा चेहरा उतरला. “म्हणालो होतो. चुकलंच माझं.” मग ओवीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “पण पोरी, बाराच्या बारा भाग मी बघितलेत, शेवटचे दहा तर एकट्यानं. दर रविवारी तूच दिसायचीस की. त्या उल्कांच्या भागात तर रडलो मी.”

सुनीतीने फोनवर घरच्या पडद्याची नोंद उघडली. दोन नावं, पसंतीच्या दोन रेषा. आप्पांची रेषा पहिल्या दोन भागांत जरा अडखळली होती, पुढे चढतच गेली होती. तिची स्वतःची रेषा त्याच दोन भागांपुरती होती; त्यानंतरचे रविवार तिने स्टुडिओत, साध्या पडद्यासमोर काढले होते. ओवी दिसली की ती रेषा पडत होती. दर वेळी. दोघं समोर बसले तर ज्याची नाराजी जास्त त्याचं ऐकायचं, हा नियमही तिचाच होता.

तिने फोन पालथा घालायला हात हलवला. तोवर ओवीने बघितलं होतं.

“म्हणजे आप्पा नाही.”

“नाही,” सुनीती म्हणाली. “आप्पा, माफ करा.”

आप्पांनी नुसतं भजं उचललं, खाल्लं नाही.

“अशी किती घरं आहेत, ताई?”

आकडा काढायला मिनिटभर लागलं. “दहातली सहा.”

पडद्यावर दाढीवाला वेधक ओवीच्या वाक्यावर ओवीसारखा हसला.

“मुभा आत्ता सगळीकडची बंद करता येईल,” सुनीती म्हणाली. “पण मग पसंती घसरेल. उद्या तुझा करार आहे. परवा केली तर...”

“ज्या घरांत मी नव्हतेच त्यांची पसंती माझी कशी?” ओवी म्हणाली. “आत्ता करा.”

सुनीतीने बोट टेकवलं. वेधकाचा चेहरा क्षणभर विरघळला आणि अवकाशवेशात ओवी उभी राहिली, लहान चणीची, कपाळावर घाम. फोनवर आप्पांची रेषा वर उडाली. सुनीतीची खाली वाकू लागली. तिने श्वास रोखला, पाठ ताठ केली, प्रेमाने बघायचं असं स्वतःला बजावलं. रेषा वाकतच राहिली.

ती उठू लागली तशी ओवीने तिचा हात धरून तिला पुन्हा बसवलं.

“मी समोर आहे म्हणून खाली बघू नका. पडद्याकडे बघा,” ती म्हणाली. “आप्पांना दोन भाग पुरले. तुम्हाला किती लागतील?”