शनिवारच्या टेबलावरचं पिस्तूल

फोन वाजला तेव्हा व्हर्ना स्टिडम स्वयंपाकघरात बसून गुडघ्याला मलम चोळत होती. पलीकडून शेरीफ ऑर्व्हिल कोम्ब्सचा जड आवाज आला.

"व्हर्ना, नेमबाजीच्या क्लबवर ये. डेल्बर्ट फ्यूगेट गेला."

"कसा?"

"पिस्तूल साफ करताना सुटलं, असं दिसतंय."

व्हर्नानं डोळे मिटले. या वर्षातलं हे तिसरं 'असं दिसतंय'. पूर्व केंटकीच्या त्या डोंगराळ तालुक्यात शेरीफच्या हाताखाली तपास करणारी ती एकटीच. वय अठ्ठावन्न. तिनं मलमाचं झाकण लावलं, बूट चढवले आणि गाडी काढली.

क्लब म्हणजे दरीच्या तोंडाशी एक लाकडी खोली. मागे गोळ्या झाडायची पट्टी आणि पट्टीच्या टोकाला मातीचा उंच बांध. सभासद मोजून चार. दर शनिवारी सकाळी जमायचं, थोडा नेम धरायचा, मग ग्रेव्हीत बुडवलेली बिस्किटं, म्हणजे तिकडचे मऊ खारे पाव, खायची आणि आपापलं आवडतं पिस्तूल टेबलावर मांडायचं. एकानं दुसऱ्याचं हातात घ्यायचं, तोलायचं, नावं ठेवायची. सासूनं जावयाचं कौतुक करावं तसं प्रत्येकानं आपल्या पिस्तुलाचं करायचं.

डेल्बर्ट त्याच टेबलाशी खुर्चीत कलंडला होता. गोळी छातीत लागली होती. समोर तेलाचा डबा, चिंध्या, नळी साफ करायचा ब्रश. आणि एक पॉइंट पंचेचाळीसचं जुनं पिस्तूल. डेल्बर्टच्या थोरल्या भावाचं, फौजेतलं. आत गोळ्यांनी भरलेलं मॅगझिन. सुरक्षेचा खटका वर, म्हणजे लावलेला.

खटका ऑर्व्हिलनंच लावला असणार, असं व्हर्नाच्या मनात आलं. सावध माणूस. तिनं वाकून पाहिलं आणि गुडघा दुखला म्हणून लगेच सरळ झाली.

"पहिलं कुणी पाहिलं?"

"वांडानं. बिस्किटं घेऊन आली तेव्हा."

वांडा साइझमोर बाहेर पायरीवर बसली होती. रस्त्याकडेला तिचं छोटं जेवणघर होतं. मांडीवरचा डबा अजून गरम होता.

"तू कशाला हात लावलास?"

"त्याच्या गालाला," वांडा म्हणाली. "बाकी कशाला नाही."

"डेल्बर्ट इतक्या लवकर का आला होता?"

"मला काय माहीत? म्हाताऱ्याला झोप कुठली. गेल्या शनिवारी त्याचं पिस्तूल मीच पेटीत ठेवलं गं. रिकामं होतं. मी स्वतः स्लाइड ओढून आत डोकावले होते." स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग. तो मागे ओढून सोडला की मॅगझिनमधली गोळी नळीत जाते.

"मग भरलं कुणी?"

वांडानं डबा पायरीवर ठेवला.

थोड्या वेळानं रेबर्न लायकिन्स आला. खाणींचा निवृत्त सुरक्षा-निरीक्षक. तीस वर्षं त्यानं खाणमालकांना घाम फोडला होता, आणि क्लबातही शिस्त त्याचीच. भिंतीवर त्यानंच हातानं रंगवलेली पाटी होती: नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर. खोलीत गारठा होता. त्यानं भरलेली लाकडांची पेटी एका हातानं उचलून शेगडीपाशी आणली आणि जाळ केला.

"किती वेळा सांगितलं त्याला," तो म्हणाला. "आधी मॅगझिन काढ. विसरला असणार. स्लाइड ओढली, गोळी नळीत गेली, चापाला बोट लागलं. संपलं."

"तुम्ही सकाळी कुठं होतात, लायकिन्ससाहेब?"

"घरी. एकटा माणूस, साक्षीदार कुठून आणू? मांजर आहे, तिला विचार."

चौथा सभासद एनिस कॉडिल. गावात त्याचं बंदुकांचं दुकान होतं. त्याला व्हर्ना दुकानातच भेटली.

"तुझं आणि डेल्बर्टचं वाजलं होतं म्हणे?"

"वाजलं कसलं! ते पंचेचाळीस मी विकत मागितलं, एवढंच. तो म्हणाला, 'भावाला विकू का?' मी म्हटलं, 'तू तर ते कधी उडवतही नाहीस.' तर दोन शनिवार बोलला नाही माझ्याशी."

"उडवत नव्हता?"

"छे. त्याचा जीव रिव्हॉल्वरवर. म्हणायचा, 'रिव्हॉल्वर कधी अडत नाही. तुमची ही नखरेवाली यंत्रं तुम्हालाच लखलाभ.' पंचेचाळीस नुसतं मिरवायला आणायचा. आमच्या हातात देऊन म्हणायचा, 'मान तुझा, तू ओढ स्लाइड.' मोठा दिलदार."

"आणि बाकीच्यांची आवडती कुठली?" व्हर्नानं विचारलं. खरं तर तिला थोडं बसायचं होतं, आणि दुकानात खुर्ची बरी होती.

एनिस खुलला. "माझं इटालियन. वांडाचं छोटं पाच गोळ्यांचं, गल्ल्याखाली ठेवते तेच. रेबर्नचं बेल्जियन नऊ मिलिमीटर, काय देखणं! वीस वर्षं कमरेला होतं. पण गेल्या पानगळीपासून तो पोराटोरांचं हलकं पॉइंट बावीस घेऊन येतो. म्हणे मनगट दुखतं, धक्का सोसत नाही. आम्ही किती चिडवलं! गेल्याच शनिवारी डेल्बर्ट म्हणाला, 'रेबर्न, पुढच्या वेळी तुझं जुनं आण. शेजारी ठेवून बघू.'"

"मग?"

"मग काय? रेबर्न बिस्किट तसंच टाकून घरी गेला. पोट बिघडलं म्हणाला."

व्हर्ना गाडीत येऊन बसली, पण किल्ली फिरवली नाही. गेल्या पानगळीत क्लबच्या बांधापलीकडच्या दरीत मिस्टी गेहार्ट नावाची तरुण बाई कपडे वाळत घालत होती. कुठून तरी गोळी आली आणि तिच्या मणक्यात घुसली. मिस्टी जगली, पाय गेले. गोळी नऊ मिलिमीटरची, आणि तसली पिस्तुलं अर्ध्या तालुक्याच्या घरांत. व्हर्ना तेव्हाही क्लबवर आली होती. बांधावर तिला फिरवून, इथून गोळी पलीकडे जाणं शक्यच नाही, असं पटवून देणारा माणूस होता रेबर्न लायकिन्स. तिला ते पटलं होतं. थकलेल्या माणसाला लवकर पटतं.

तिनं ऑर्व्हिलला फोन लावला.

"पिस्तुलाचा खटका तू लावलास ना?"

"मी? मी बोटसुद्धा लावलं नाही. फोटो काढले तेव्हाही खटका वरच होता. का?"

"काही नाही," ती म्हणाली. मग स्वतःलाच एक शिवी हासडून ती वांडाच्या जेवणघराकडे वळली.

वांडानं न विचारता तिच्यापुढे राजम्याची वाटी आणि मक्याचा पाव ठेवला.

"डेल्बर्टचे हात कसे होते गं?" व्हर्नानं विचारलं.

वांडा फडक्यानं एकच जागा पुसत राहिली. "त्यानं शपथ घातली होती, कुणाला सांगू नकोस म्हणून. आता काय! संधिवातानं दोन्ही अंगठे गेले होते त्याचे. सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी माझ्याकडे सरकवायचा, म्हणायचा, 'घट्ट बसलीय.' मी उघडून द्यायची. औषधाच्या बाटलीचं झाकणसुद्धा."

"आणि स्लाइड?"

"ओढता आली असती तर त्यानं रिव्हॉल्वर का धरलं असतं? सगळ्यांना सांगायचा, अडत नाही म्हणून आवडतं. अडत होता तोच."

सोमवारी दुपारी व्हर्नानं तिघांना क्लबवर बोलावलं. ऑर्व्हिल दाराशी उभा राहिला. डेल्बर्टची खुर्ची कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवली होती. व्हर्ना बसली, कारण उभं राहून बोलायची ताकद तिच्यात नव्हती.

"डेल्बर्ट अपघातानं मेला नाही," ती म्हणाली.

एनिस दचकला. "म्हणजे?"

"गोळी सुटली की ते पिस्तूल आपणहून पुढची गोळी भरतं आणि घोडा उठलेला राहतो. पण आम्हाला सापडलं तेव्हा सुरक्षेचा खटका लावलेला होता. छातीत गोळी लागलेला माणूस खटका लावून, पिस्तूल टेबलावर नीट ठेवून मग मरत नाही. वांडानं हात लावला नाही, ऑर्व्हिलनं लावला नाही. म्हणजे गोळी सुटल्यावर इथं आणखी कुणीतरी होतं."

व्हर्नानं दुसरं बोट वर केलं.

"दुसरं. पिस्तूल पेटीत रिकामं गेलं होतं. ते भरायला स्लाइड ओढावी लागते, आणि डेल्बर्टला मुरंब्याची बरणी उघडत नव्हती. एनिस, तो तुला मान देत नव्हता रे. अंगठे लपवत होता. ते फक्त वांडाला माहीत होतं. वांडानं हा बनाव केला असता, तर असं पिस्तूल निवडलंच नसतं जे त्याला भरता येत नाही. ज्यानं केला त्याला डेल्बर्टचं बोलणं खरं वाटलं होतं."

"मलाही खरंच वाटलं होतं," एनिस पुटपुटला.

"हो. तेव्हा उरलात तुम्ही दोघं." व्हर्ना वळली. "लायकिन्ससाहेब, मनगट कसं आहे?"

"दुखतं," रेबर्न म्हणाला.

"परवा लाकडांची भरलेली पेटी एका हातानं उचललीत."

रेबर्ननं हात खिशात घातला.

"वीस वर्षांचं आवडतं पिस्तूल माणूस एका पानगळीत टाकत नाही. टाकलंत, कारण त्यातली एक गोळी बांधावरून पलीकडे गेली आणि मिस्टी गेहार्टला लागली. डेल्बर्टला ते कळलं. त्याच्या आदल्या शनिवारी सगळ्यांदेखत तो तुम्हाला म्हणाला, जुनं आण. ती चेष्टा नव्हती. तो तुम्हाला कबुलीची वाट करून देत होता."

"पुरावा काय?"

"तुमचा अंगठा. गोळी झाडली की खटका लावायचा, हे या तालुक्यात कुणाच्या रक्तात इतकं भिनलंय? मित्र समोर मरतोय आणि तुमच्या हातानं नियम पाळला. एनिस दुकानदार आहे, पण तो इतका काटेकोर नाही."

"ते खरंय," वांडा हळूच म्हणाली.

"तुमच्या घराच्या झडतीचा हुकूम माझ्या खिशात आहे," व्हर्ना म्हणाली. "मिस्टीच्या पाठीतून काढलेली गोळी आमच्या कपाटात आहे. नऊ मिलिमीटर सापडलं की ताडून बघता येईल. पण माझे पाय दुखताहेत, साहेब. तुम्हीच सांगा."

रेबर्ननं शेगडीचं दार लावलं. मग खुर्चीच्या पाठीला धरून बसला.

"पिस्तूल मांस धुरवायच्या खोलीत आहे," तो म्हणाला. "फळीखाली. नदीत टाकायला दोनदा गेलो. टाकवलं नाही." त्याचा आवाज अगदी साधा होता, हवापाण्याविषयी बोलावं तसा. "त्या दिवशी चिखलात पाय घसरला. बोट चापावर होतं. माझं बोट, व्हर्ना! तीस वर्षं मी लोकांना शिकवलं. पलीकडून किंकाळी आली ती फक्त मी ऐकली. डेल्बर्टनं घसरताना बघितलं होतं, पण सगळं जुळवायला त्याला हिवाळा लागला. शनिवारी पहाटे त्यानंच मला इथं बोलावलं. म्हणाला, तू सांग, मी बरोबर येतो. दोघं मिळून जाऊ. मी म्हटलं, मला माफ कर. तो म्हणाला, माफ करणारा मी कोण? त्याच्यापुढ्यात पिस्तूल होतं, पेटीत मॅगझिन होतं..."

"तो काही म्हणाला का?" वांडानं विचारलं.

"म्हणाला, 'रेबर्न, ते रिकामं आहे ना?'"

वांडा उठून बाहेर गेली. एनिसनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ऑर्व्हिलनं रेबर्नला बेड्या घातल्या आणि रेबर्ननं मनगटं स्वतःहून पुढे केली.

संध्याकाळ व्हायच्या आत व्हर्ना बांधापलीकडच्या दरीत गेली. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मिस्टी गेहार्ट चाकांच्या खुर्चीत बसून ओसरीवर शेंगा मोडत होती. व्हर्नानं उभ्याउभ्याच रेबर्न लायकिन्सचं नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं. मिस्टीनं हातातली शेंग भांड्यात टाकली.

"लायकिन्स? तो उंच म्हातारा? पायऱ्यांवरचा हा उतार त्यानंच बांधला."

व्हर्नानं खाली पाहिलं. ओसरीपासून अंगणापर्यंत नवी फळी होती, दोन्ही बाजूंना कठडा, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

"नाताळाच्या आधी आला," मिस्टी म्हणाली. "म्हणाला, चर्चनं पाठवलंय. थंडीत आठवडाभर एकटा राबला. कॉफी दिली तर घेतली नाही. माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. मी आईला म्हटलं, लाजाळू आहे बिचारा."

"मी माणसं पाठवून हा काढून घेते," व्हर्ना म्हणाली. "दुसरा बांधून देऊ."

"कधी?"

तालुक्यात कशालाही महिने लागत.

मिस्टीनं भांडं मांडीवरून बाजूला ठेवलं आणि चाकांवर हात टेकवले.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या मला दवाखान्यात जायचंय."