कागद वाजला की समजायचं

एक वाजताच्या बातम्यांना नऊ मिनिटं उरली होती आणि मी रेडिओ केंद्राच्या पहिल्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये अडकले होते.

दाराची मूठ फिरत होती, पण कुलूप काही उघडत नव्हतं. मी दार ठोठावलं, हाका मारल्या आणि शेवटी एक सणसणीत लाथ घातली.

"लाथ नका मारू," बाहेरून एक निवांत आवाज आला. "चिडलं की ते अजून घट्ट बसतं."

"कोण आहे?"

"किल्लीवाला. तुमच्या स्टुडिओचं कुलूप बदलायला आलोय… अरे, तुम्ही बातम्यावाल्या ना? आवाज ओळखला मी."

"ओळखी नंतर काढा हो! एक वाजता वाचायचंय मला!"

"मग भरपूर वेळ आहे. आजच्या ठळक बातम्या काय आहेत?"

दाराला काहीतरी खुडखुडत होतं. मी दात-ओठ खात म्हटलं, "पहिली ठळक बातमी, वृत्तनिवेदिका संडासात अडकली. दुसरी, किल्लीवाला गप्पा हाणत बसला."

तो हसला… आणि खुट्ट झालं. दार उघडलं. समोर लोखंडाच्या किसाने माखलेले हात, कानावर खोचलेली पेन्सिल आणि भलतेच प्रामाणिक डोळे. त्या डोळ्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मग सभ्यपणे कुलपाकडे नजर वळवली.

"पळा," तो म्हणाला.

मी पळाले. त्या दिवशी बातम्या मी एका श्वासाचीही गडबड न करता वाचल्या. पण बुलेटिनभर कान मात्र उगाचच गरम होते.

आता टॉयलेटचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. मला आयबीएस आहे. म्हणजे आतड्यांचा चिडका स्वभाव. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही." घाबरण्यासारखं नव्हतंच. पोट फुगून ढोल होणं, वेळी-अवेळी कळा येणं, कुठल्याही इमारतीत शिरताच आधी टॉयलेट कुठे आहे ते बघणं… यात घाबरायचं काय? फक्त जगायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मावशी म्हणाली, मनावर घेऊ नकोस. काकू म्हणाल्या, सगळं खाऊन सवय कर. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, नुसतं फळांवर राहा. आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र नीट समजावलं होतं. काही दिवस ठरावीक पदार्थ बंद ठेवायचे आणि मग एकेक परत आणून बघायचे. बंद करणं मला छान जमलं. परत आणताना मी एकाच रविवारी सहा पदार्थ आणले, रात्रभर तळमळले आणि यादी फाडून टाकली. तेव्हापासून माझ्या डब्यात चारच गोष्टी असायच्या. भात, अंडं, गाजर आणि केळं. दोन वर्षं!

दोन दिवसांनी किल्लीवाला टॉयलेटचं नवं कुलूप बसवायला आला. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या जिन्यावर डबा उघडून बसले होते, तर हा दोन पायऱ्या खाली येऊन बसला. माझ्या डब्यात डोकावला.

मी पवित्रा घेतलाच. आता विचारेल, डाएट का? मग विचारेल, झालंय काय? मग सांगेल, माझ्या एका मित्रालाही असंच होतं आणि तो आता रोज व्यायाम करतो.

त्याने विचारलं, "अजून काय काय चालतं तुम्हाला?"

काय चालत नाही, हे पाच वर्षांत सगळ्यांनी विचारलं होतं. काय चालतं, हे कुणीच नाही. मला एकदम रडूच आलं. मी ते गाजराबरोबर गिळलं आणि भांडखोर आवाजात त्याला सगळं सांगून टाकलं. सहा पदार्थांचा रविवारसुद्धा.

तो शांतपणे ऐकत होता. मग खिशातून एक कोरी किल्ली आणि छोटी कानस काढून म्हणाला, "मूळ किल्ली हरवली ना, की मी ही कुलपात घालतो. हलकेच फिरवतो. जिथे अडतं तिथे बारीक खूण उठते. तिथेच थोडंसं घासायचं आणि परत घालून बघायचं. एका वेळी एकच जागा. दोन जागा एकदम घासल्या की काय बिघडलं ते कळतच नाही."

"मग?"

"मग किल्ली फेकावी लागते. तुम्ही यादी फेकलीत तशी."

"म्हणजे चूक माझी?"

"घाईची," तो म्हणाला. "घाई तर मीही करतो. आत्ताच करतोय… उद्या इथेच जेवणार का तुम्ही?"

मी बावन्न सेकंद गाजराचा एकच तुकडा चावत राहिले. बातम्यावाल्यांना सेकंद मोजायची खोड असते.

"संत्रं आणा," मी म्हटलं. "एकच."

अशी सुरुवात झाली. आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन खाली मान घालून नवी यादी मागून आणली. एक पदार्थ, तीन दिवस. पहिल्या दिवशी चवीपुरता, दुसऱ्या दिवशी थोडा, तिसऱ्या दिवशी पोटभर. मध्ये दुसरं नवीन काही नाही. संत्रं पास झालं. पालक पास. काकडी पास. बटाटा पास. भाजलेल्या शेंगदाण्यांनी तर मला पुन्हा माणसांत आणलं. सफरचंदाने दुसऱ्याच दिवशी दगा दिला आणि फ्लॉवरने काय केलं ते मी सांगणार नाही. कांदा आणि लसूण मात्र पहिल्याच घासाला बाद.

तो त्याच्या दुकानात एक वाजता रेडिओ लावायचा. एकदा म्हणाला, "तिसऱ्या दिवशी निकाल कळायला मला संध्याकाळ व्हावी लागते. हे बरं नाही. बातम्यांत काहीतरी इशारा देत जा ना."

"वेडा आहेस का? नोकरी जाईल माझी."

कधीतरी आम्ही 'तू'वर आलो होतो. कधी ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पण इशारा सुचला तो मलाच. बातम्या वाचताना आमच्याकडे कागद उलटायचा नसतो, अलगद बाजूला सरकवायचा असतो. कागदाचा आवाज माइकमध्ये गेला तर संपादक साहेब दिवसभर बोलतात. सहा वर्षांत माझा कागद एकदाही वाजला नव्हता. शेंगदाण्यांच्या तिसऱ्या दिवशी, हवामानाच्या आधी… मी तो वाजवला. एवढासाच. खस्स.

संपादक साहेबांनी भुवया वर केल्या. संध्याकाळी जिन्यापाशी तो उभा होता, पाव किलो भाजलेले शेंगदाणे घेऊन.

"ऐकलं," तो म्हणाला.

"काय?"

"अख्ख्या गावात फक्त मलाच कळलेली बातमी."

माझ्या हातावर शेंगदाण्यांची पुडी ठेवताना त्याने हात काढून घेतला नाही. मीही नाही. सेकंद मोजायचे राहून गेले.

मग त्याच्या आईचं बोलावणं आलं. रविवारी दुपारी जेवायला. त्याची आई शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं काम करून निवृत्त झालेली. रोज चारशे मुलांचं सूप तिच्या हातचं. मी त्याला तीनदा बजावलं, "आईंना नीट सांग. कांदा-लसूण अजिबात नाही. का ते पण सांग."

"सांगितलंय गं," तो म्हणाला.

स्वच्छ घर. खिडकीत रेडिओ. टेबलावर वाफाळतं सूप. आईंनी माझ्यापुढे वाडगा ठेवला आणि अभिमानाने म्हणाल्या, "दाताला कांद्याचा एक तुकडा लागायचा नाही. एकूण एक वेचून काढलाय. शाळेत नाक मुरडणाऱ्या मुलांसाठी मी असंच करायचे."

माझा चमचा हातातच राहिला. कांदा शिजला की त्याचं जे काही मला बाधतं, ते पाण्यात उतरतं. तुकडे काढून उपयोग काय? पण आईंचं काही चुकलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं.

"काय सांगितलं होतंस आईंना?"

तो वाडग्याकडे बघत म्हणाला, "कांदा… आवडत नाही म्हणून."

"आवडत नाही?"

"अगं, जेवताना कुठे पोटाच्या गोष्टी…" आणि मग एकदम हळू आवाजात, "दोन चमचे घे ना. एवढ्याने काय होतंय?"

पाच वर्षं हे वाक्य मी मावशीकडून ऐकलं, काकूंकडून ऐकलं, मैत्रिणींकडून ऐकलं. त्याच्याकडून ऐकताना मात्र आत काहीतरी तुटलंच. त्याला माझी लाज वाटली होती. जिन्यावर माझं पोट त्याला चालत होतं, आईच्या टेबलावर नव्हतं.

मी चमचा खाली ठेवला.

"आई," मी म्हटलं, "माफ करा, पण मला हे खाता येणार नाही. आवडत नाही म्हणून नव्हे. मला आतड्यांचा त्रास आहे. कांद्याच्या पाण्यानेसुद्धा मी दोन दिवस आडवी होते. तुम्ही मेहनत घेतलीत, ती मला दिसतेय. पण मी तुमच्या मुलाच्या भिडेखातर दुखणं ओढवून घेणार नाही."

पिशवीतून डबा काढला. भात, अंडं, पालक. टेबलावरच उघडला आणि ताठ बसून शेवटच्या शितापर्यंत खाल्लं.

तो दारापर्यंत आला. "ऐक ना…"

"तुम्ही ऐका," मी म्हटलं. माझं 'तुम्ही' त्याला बरोबर लागलं. "पाच वर्षं मी या पोटापायी जगाची माफी मागत फिरले. आता नाही मागणार. तुम्ही प्रेम करणार असाल तर माझ्यावर अख्खीच्या अख्खीवर करा, पोटासकट. नाहीतर तुमची ती कोरी किल्ली दुसऱ्या कुठल्या कुलपात घालून बघा."

जिना उतरेपर्यंत रडले नाही. नंतर मात्र मनसोक्त रडले.

पुढचे नऊ दिवस बातम्यांत कागद वाजला नाही. मी एकही नवा पदार्थ खाल्ला नाही. संपादक साहेब खूश होते. मी एक वाजता 'नमस्कार' म्हणायचे आणि दुकानात तो रेडिओ लागला असेल का, या विचारातच पहिली ठळक बातमी वाचायचे. प्रेम असलं म्हणून राग विझत नाही, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही एकाच वेळी धगधगत राहतात.

दहाव्या दिवशी मागच्या जिन्यावर डबा उघडला, तर दोन पायऱ्या खाली तो. हातात स्टीलचा डबा आणि एक कागद.

"आधी हे ऐक," तो म्हणाला आणि शाळेतल्या मुलासारखा वाचायला लागला. "गाजर. बटाटा. पालक. आलं. मीठ. बस्स. कांदा काढून टाकलेला नाही. घातलाच नाही. पातेलं आईने दोनदा घासलं. भाज्या मी चिरल्या. यात तू न तपासलेली एकच गोष्ट आहे. आलं."

मी त्याच्या हातातला कागद घेऊन स्वतः एकदा वाचला.

"आईला सगळं सांगितलं," तो म्हणाला. "आयबीएस म्हणजे काय ते. आपण कुठे भेटलो ते पण."

"कुठे भेटलो असं आधी सांगितलं होतंस?"

"…वाचनालयात."

मला हसू आवरेना. मी गाल आतून चावून धरला.

"खरी जागा ऐकून आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली," तो म्हणाला. "मग म्हणाली, त्या मुलीने माझ्या टेबलावर तिचा डबा उघडला तेव्हा मला राग आला होता. तुझ्यासाठी मुकाट्याने सूप प्यायली असती तर बरं वाटलं असतं, पण जन्मभर असंच पीत राहिली असती. हिला सोडलंस तर घरात येऊ नकोस." तो थांबला. "दिवसभर मी लोकांना सांगतो, कुलपावर जोर करू नका. आणि स्वतः तुला म्हणालो, दोन चमचे घे… मला लाज वाटली होती. खरंच वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते. तू मला आवडतेस. अख्खी."

डोळे भरून आले होते, पण मी इतक्यात विरघळणार नव्हते.

"आलं ना? मग तीन दिवस लागतील," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम."

"मी तीन दिवस सूप आणून देईन."

"शुक्रवारी एक वाजता रेडिओ लावा. आईंनाही बसवा."

"'लावा'?" तो हिरमुसला.

"शुक्रवारपर्यंत 'लावा'."

पहिल्या दिवशी चार चमचे. दुसऱ्या दिवशी अर्धा वाडगा. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साडेअकरा वाजता मी भरलेला वाडगा संपवला. बारा वाजले. साडेबारा झाले. पोट एखाद्या सुट्टीच्या दिवसासारखं शांत होतं. लाल दिवा लागला आणि मी म्हटलं, "नमस्कार."

ठळक बातम्या झाल्या. सविस्तर बातम्या झाल्या. हवामानाच्या आधी मी थांबले, पान उचललं आणि माइकसमोर धरून वाजवलं. एकदा… दोनदा… आणि तिसऱ्यांदा अगदी सावकाश, शेवटच्या टोकापर्यंत.

काचेपलीकडे संपादक साहेब उभे राहिले. बातम्या संपताच ते आत आले.

"तुमचा कागद वाजला! चक्क तीनदा!"

"हो सर," मी म्हटलं. "मुद्दाम वाजवला."

ते आणखी काही बोलणार एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकलं आणि गोंधळून तो माझ्यापुढे धरला.

"कुणी बाई आहेत. विचारताहेत, रविवारी सुपात वाटाणे… चालतील की नाही?"

मी फोन कानाला लावला. "वाटाणे अजून तपासले नाहीत, आई," मी म्हटलं. "आणि त्याला सांगा, रविवारी मला न्यायला ये म्हणावं. 'ये' म्हणाले, असंच सांगा."