औषध न घातलेली रांग

ही भाकडकथा नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत खरंच घडलंय, आणि ताई म्हणजे भुताखेतांच्या नावाने खो खो हसणारी बाई.

रविवार होता. भर दुपार. प्रयोगशाळेत ती एकटीच.

ताई फ्लूवरची नवी औषधं तयार करते. आधीच्या औषधाच्या चाचणीत तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, हट्टाने नाव दिलं होतं. "सूनबाईच्या हातचा चहा पचवलाय, गोळी काय चीज आहे!" निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती पिठाची. कुणाला कुठली, ते ताईलाही ठाऊक नव्हतं.

अण्णांच्या वाट्याला पिठाची आली होती, हे नंतर कळलं. फ्लूनेच गेले बिचारे.

आता नवं औषध. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये छोट्या खळग्यांच्या रांगा, प्रत्येक खळग्यात जिवंत पेशी आणि वर विषाणू. सगळ्या रांगांत औषध घालायचं, एकीत मात्र मुद्दाम नाही. ती रांग मरायलाच हवी, नाहीतर बाकीच्या औषधाने वाचल्या हे कळणार कसं?

पण ती मरतच नव्हती.

दोनदा प्रयोग फुकट गेला. "पुन्हा असं झालं तर काम बंद," साहेबांनी बजावलं. ताईची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

त्या दुपारी तिने डोळ्यांत तेल घालून औषध घातलं. ती एक रांग सोडली. पिपेटचं, म्हणजे बटण दाबून थेंब सोडायच्या नळीचं, वापरलेलं टोक काढून फेकलं, पिपेट स्टँडला अडकवली आणि प्लेटचं झाकण घ्यायला वळली.

टक्...

पिपेटचं बटण दाबल्याचा आवाज.

टक्... टक्...

ती गर्रकन वळली. कुणीच नाही. पिपेट जागेवरच होती... पण तिला नवं टोक होतं. टोकाला थेंब लोंबत होता.

ताईच्या मनात आलं, या रांगेला औषध नाही... अण्णांनाही नव्हतं.

तिने दुसरी प्लेट भरायला घेतली.

"अण्णा," ती रडतच म्हणाली, "ही रांग मरू द्या हो. नाहीतर हे औषध कुणालाच मिळणार नाही."

सगळं शांत झालं. फ्रीजची घरघरसुद्धा थांबली...

मग अगदी कानाशी, थकलेला आवाज आला.

"पुन्हा मीच का, सूनबाई?"

काही दिवसांनी पाहिलं तर ती रांग मेलेली होती. बाकी सगळ्या जिवंत. साहेबांनी सगळ्यांसमोर ताईची पाठ थोपटली. ती तडक घरी निघून आली.

आता ती रांग ताई स्वतः भरत नाही. दुसऱ्या कुणाला सांगते आणि खोलीबाहेर जाऊन थांबते.

मी एकदा विचारलं, "का गं, अजून ऐकू येतं?"

"नाही रे," ती म्हणाली. "पण परत विचारलं तर काय उत्तर देऊ त्यांना?"