पंखा सरकत नव्हता

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळचे सहा वाजून बारा मिनिटं.

नाशिकच्या अंबडमधल्या एका शेडमध्ये माझ्या धाकट्या बहिणीने चालू इंजिनाच्या पंख्यात घालायला उजवा हात पुढे केला.

तिला वाटलं, इंजिन बंद आहे.

मी चार फुटांवर उभा होतो. मोबाइलवर व्हिडिओ घेत होतो, म्हणून वेळ मिनिटासकट सांगता येते. जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितो. जे ऐकलं ते कुणाकडून, हेही लिहितो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

प्रतिभा, माझी बहीण, आठ वर्षं कारखान्यात तपासणी विभागात होती. नोकरी सोडून तिने इनायतचाचांबरोबर जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करायचं काम सुरू केलं. चाचा सत्तरीचे. पेट्रोलवर चालणारे जुने ट्रक कानाने ओळखणारे आता तेच उरलेत.

शेडमधला ट्रक मखमलाबादच्या खंडेरावांचा. त्यांच्या वडिलांनी १९५६ साली घेतलेला. गुलाब आणि भाजी वाहून थकलेला. त्यांना जानेवारीत मुलीची, दिशाची, पाठवणी याच ट्रकमधून करायची होती.

ट्रक सुरू झाला होता, पण ओढत नव्हता. टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडायची ते, लावायचं होतं.

टायमिंग लाइट म्हणजे पिस्तुलासारखा दिवा. त्याचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरला लावायचा. प्लगमध्ये ठिणगी पडली की दिवा लखकन पेटतो. फिरत्या पुलीवर खडूची खूण केलेली असते. दर वेळी खूण त्याच जागी आली की दिवा पेटतो, म्हणून ती स्थिर दिसते. ती कुठे दिसते ते बघून टायमिंग पुढे-मागे करायचं.

प्रतिभाकडे आकडे दाखवणारा डिजिटल लाइट होता. चाचांनी तो बाजूला ठेवला.

"बेटा, हा नव्या गाड्यांचा. जुन्या वायरींवर गोंधळतो. कधी पाच सांगेल, कधी पंधरा. याला साधा पाहिजे. पेटला तर पेटला, नाही तर नाही."

"साधा आता कुठे मिळतो, चाचा?"

"शोध. लग्न तुझं नाही, म्हणून एवढा आळस."

तिने शोधला. जुन्या अवजारांच्या एका विक्रेत्याकडे मिळाला. पत्र्याचा, जड, नामपूरच्या एका वारलेल्या मिस्त्रीच्या पेटीतला. काच स्वच्छ होती. वापरल्याचा एक ओरखडा नव्हता.

ट्रकची बॅटरी सहा व्होल्टची. लाइटला बारा लागतात. म्हणून त्याला वेगळी बॅटरी जोडली. खूण नीट दिसावी म्हणून शटर खाली ओढलं.

इंजिन सुरू झालं. मी व्हिडिओ सुरू केला. खंडेरावांचे गुडघे दुखत होते, त्यांनी फोनवर बजावलं होतं, "मला काय येता येत नाय. पन आवाज तेवढा ऐकवा."

लाइट पेटला. खडूची खूण दिसली.

त्या उजेडात पंखाही थांबल्यासारखा दिसतो. हे नेहमीचंच. पण पंखा फिरवणारा पट्टा थोडा घसरतो, म्हणून पाती हळूहळू सरकताना दिसतात. चाचा नवख्यांना पहिली गोष्ट हीच शिकवतात. पाती सरकतायत तोवर पंखा फिरतोय, हे विसरायचं नाही.

त्या संध्याकाळी...

पाती सरकत नव्हती.

भिंतीवरच्या चित्रासारखा पंखा उभा होता.

मग आवाज गेला.

इंजिन बंद पडताना धडधडतं, हिसके देतं. तसं काही झालं नाही. आवाज होता, आणि मग नव्हता. चाचांची चप्पल फरशीवर घासलेली मला ऐकू आली.

"बंद पडलं," प्रतिभा म्हणाली. "पुलीवर तेल आलंय, पुसून घेते."

तिने फडकं घेतलं आणि हात पुढे केला.

चाचांनी तिला कोपराला धरून मागे खेचलं; हाताखालचं मडगार्ड अजून थरथरत होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. सत्तरीचा माणूस, पण ती मागच्या टेबलावर आदळली.

फडकं पंख्यात गेलं... त्याच्या चिंध्या छताला लागल्या.

तेव्हा कुठे आवाज परत आला. इंजिन पूर्ण वेळ चालू होतं.

चाचांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. ठिणगी नाही म्हणजे दिवा पेटणं शक्य नाही.

लाइट फरशीवर पडला होता...

तो आणखी चार वेळा पेटला.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही," प्रतिभा म्हणाली. तिने दोन्ही हात वर करून दाखवले. मग विचारलं, "दादा, तुलापण ऐकू येत नव्हतं ना?"

चाचांनी लाइटची वायर पक्कडीने कापली आणि शटर वर केलं.

मी व्हिडिओ खंडेरावांना पाठवला. दहा मिनिटांत फोन आला.

"आवाज लय भारी हाय हो. आमच्या आबांची याद आली. पन मधीच गेला कुठं?"

"कुठे म्हणजे?"

"ऐका की. ट्रक बंद पडला का काय?"

मी व्हिडिओ पुन्हा लावला. अकरा सेकंद इंजिनाचा आवाज नाही. चाचांच्या चपलेचा आहे. प्रतिभाचं बोलणं आहे. इंजिनाचा नाही.

रात्रभर मी ते अकरा सेकंद एकेक फ्रेम पाहिले. चव्वेचाळीस फ्रेममध्ये लाइटचा उजेड आहे. शेवटच्या नऊ फ्रेममध्ये प्रतिभाचा हात दिसतो, निळ्या बाहीतला.

त्याच नऊ फ्रेममध्ये...

पंख्याच्या पलीकडे दुसरा हात आहे.

पलीकडे रेडिएटर असतो. मध्ये चार बोटांची फट. तिथे माणूस उभा राहू शकत नाही.

तो उजवा हात आहे. तळवा आमच्याकडे केलेला. अडवावं तसा. किंवा बोलवावं तसा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धचंद्रासारखा भाजल्याचा डाग.

मी प्रतिभाला दाखवलं.

"त्या मिस्त्रीचा असेल," ती म्हणाली. "बिचाऱ्याची बोटं गेली असतील याच लाइटपायी."

मलाही तेच वाटलं. ते तपासायला मी विक्रेत्याकडून पत्ता घेऊन नामपूरला गेलो.

मिस्त्रीची बायको अंबूबाई दारात लसूण सोलत होती. मी आडून विचारलं, त्यांना कामात कधी इजा झाली होती का.

"नही, भाऊ. मरताना बी दहाना दहा बोटं व्हतात."

मी लाइटचं विचारलं. तिचे हात थांबले.

तीस वर्षांपूर्वी त्यांनी तो नवा आणला होता, एकदा वापरला आणि फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला. तिने त्यांना कारण विचारलं होतं.

"त्या म्हनेत, तेम्हा हात दिसस."

"त्या उजेडात? कुणाचा हात?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाईमाणूसना हात शे, म्हनेत. मी हसनू. इंजिनमा बाईमाणूस कुठून ई?"

परत येताना सटाण्यापर्यंत मी गाडीत रेडिओ लावला नाही.

हे प्रतिभाला सांगितलं. तिने उजवं मनगट माझ्यासमोर धरलं. कोरं होतं. डाग नाही, खरचटलेलंही नाही.

"पटली खात्री?" ती म्हणाली. "माझा नाही तो."

गुरुवार, १८ डिसेंबर. दुपारी साडेतीनला तिने खंडेरावांच्या ट्रकचं इंजिन तापवलं. बोल्ट आवळताना पाना सटकला. उजवं मनगट सायलेन्सरच्या पाइपाच्या कडेला टेकलं.

तिने फोटो पाठवला, बर्नॉल लावलेला. खाली काही लिहिलं नव्हतं.

मी तो फोटो आणि व्हिडिओतली फ्रेम शेजारी शेजारी ठेवली...

अर्धचंद्र. मनगटाच्या आतल्या बाजूला. टोकं अंगठ्याकडे.

मी त्याच संध्याकाळी शेडवर गेलो. काम सोड म्हणालो. चाचाही म्हणाले, टायमिंग मी लावतो.

"चाचा, तुम्हाला ती खूण दिसते का आता?" तिने विचारलं.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

"मग? दिशाला काय ढकलत नेणार सासरी?" मग ती हळू म्हणाली, "दादा, मी पट्टाच काढून ठेवते. पट्टा नाही तर पंखा फिरणार नाही. दोन मिनिटांत इंजिन काही तापत नाही."



रविवार, २८ डिसेंबर. सकाळी दहा वाजता तिने टायमिंग लावलं. लाइट नवा, साधाच. पट्टा काढून खिळ्याला अडकवलेला, मी स्वतः पाहिला. चाचांनी पूर्ण वेळ तिचं उजवं कोपर धरून ठेवलं होतं. व्हिडिओ मी घेतला नाही.

काही झालं नाही. दोन मिनिटांत खूण जागेवर आली. ट्रक ओढायला लागला. खंडेरावांनी पेढे पाठवले.

दिशा ठरल्याप्रमाणे त्याच ट्रकमधून गेली.

लग्नाच्या मांडवात इनायतचाचांनी मला बाजूला घेतलं.

"एक बात बोलू? त्या रविवारी पट्टा खिळ्यावर होता ना?"

"होता. मी पाहिला."

"मीपण पाहिला. लाइटमध्ये पंखा उभा होता. तोपण बरोबर."

त्यांनी गालावरून हात फिरवला.

"पण माझ्या तोंडावर वारा येत होता."

मी हे प्रतिभाला त्याच रात्री सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, शटर उघडं असेल.

शटर बंद होतं.

येत्या बुधवारी सिन्नरहून दुसरा जुना ट्रक येतो आहे. त्याचं टायमिंग तीच लावणार आहे. मनगटावरचा डाग आता व्हिडिओतल्यासारखा काळपट झालाय.

आज संध्याकाळपर्यंत तिच्या उजव्या हाताला पाच बोटं आहेत.