अर्ध्या लिटरचा नेम

विरूपाक्ष सर उदगीरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि मोजल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नसे. भाजीवालीचं माप खोटं वाटलं म्हणून एकदा भर बाजारात त्यांनी खिशातून स्वतःजवळचं लोखंडी वजन काढलं होतं. बाजार महिनाभर हसला. त्यामुळे माशाच्या टाकीपुढे काचेच्या नळ्या मांडून बसलेल्या सरांना पाहून शेजाऱ्यांना काही नवल वाटलं नाही.

साल दोन हजार सोळा, एप्रिल. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. उदगीरच्या त्यांच्या गल्लीत बाराव्या दिवशी टँकर यायचा. चौकात नव्या जिल्ह्याच्या मागणीचा फलक उन्हानं पांढरा पडला होता, आणि त्याच्या सावलीत घागरींची रांग असायची.

टाकी साठ लिटरची. आत एकच गोल्डफिश. टाकी त्यांच्या मुलीची, दानम्माची. दोन वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी ती गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा लातूरला नेऊन मशीनवर रक्त धुऊन आणायचं आणि दिवसाला फक्त अर्धा लिटर पाणी द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सर रोज सकाळी प्रयोगशाळेतल्या काचेच्या मापाच्या सिलिंडरनं पाणी मोजून तिच्या उशाशी ठेवत. एक थेंब जास्त नाही. तिचे पाय सुजत. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तो कितीतरी वेळ भरून यायचा नाही.

"अप्पा, हे बघा, कसं पोटभर पिऊन राहिलाय," ती माशाकडे बघत म्हणायची.

"गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नसतो. तो श्वास घेतो," सर सांगायचे.

ती गेल्यावर हे वाक्य आठवून सरांनी कितीदा तरी स्वतःला शिव्या दिल्या. एवढं बरोबर बोलायची काय गरज होती?

तेव्हापासून त्यांची बायको रुद्राणी आधी माशाला चिमूटभर खाणं टाकायची आणि मगच स्वतः चतकोर भाकरी खायची. ज्या दिवशी मासा तळाशी गप्प बसला, त्या दिवशी ती जेवली नाही. मासा मेला तर ही उरणार नाही, हे सरांना ठाऊक होतं. तेवढी एकच गोष्ट त्यांनी न मोजता मानली होती.

आणि मासा आजारी पडला होता. पाण्यात नायट्रेट वाढलं होतं. माशाची घाण, उरलेलं खाणं, काहीही कुजलं की शेवटी नायट्रेट उरतं. चाळीसपर्यंत चालतं. सरांनी बाटलीत नमुना नेऊन कॉलेजातल्या यंत्रावर तपासला, तर अठ्ठ्याऐंशी.

उपाय सोपा असतो, थोडं थोडं पाणी बदलायचं. पण त्या साली पाणीच तर नव्हतं. सरांनी खाणं निम्म्यावर आणलं. नळी घालून तळातला गाळ ओढला. मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडली, ती नायट्रेट शोषतात म्हणून. आठवड्यानं आकडा आला एकशे एकवीस.

मग स्वतःची आंघोळ बंद करून त्यांनी वीस लिटर बदललं.

"सर, लोकं घागरीला महाग झालेत अन् तुम्ही माशाला पाजून राहिले?" टँकरवाला गुंडप्पा म्हणाला.

"तुझं पाणी तपासलं मी. चांगलं आहे."

"हाव, चांगलंच हाय की. मग?"

सर घागर उचलून घराकडे वळले. पुढच्या रविवारी आकडा एकशे चौसष्ट झाला.

आणखी एक गोष्ट होती. टाकीतलं पाणी कमी होत होतं. उन्हाळा आहे, आटणारच. पण सरांनी काचेवर पेनानं रेघ मारली, वर झाकण घट्ट बसवलं, आणि रोज सकाळी सिलिंडरनं मोजून भर घातली. रोज अर्धा लिटर. ढगाळ दिवशीही अर्धा लिटर. उन्हाला असा नेम कुठून आला?

आकडे लिहायला कोरा कागद हवा होता, म्हणून त्यांनी कपाटातून दानम्माची फाइल ओढली. वरच दोन वर्षांपूर्वीचे रिपोर्ट होते. रक्तातला युरिया. तीन एप्रिल, अठ्ठ्याऐंशी. दहा एप्रिल, एकशे एकवीस. सतरा एप्रिल, एकशे चौसष्ट.

टाकीच्या आकड्यांच्या तारखासुद्धा त्याच होत्या.

पुढच्या पानावर एकवीस एप्रिल, दोनशे सात. त्याच्या पुढं चोवीस एप्रिल, दोनशे एक्केचाळीस. सव्वीसला ती गेली होती.

सरांनी चाळीस लिटर पाणी बदललं. एकवीसला यंत्रानं दोनशे सात दाखवलं. मासा आडवा पडून तोंड उघडत होता.

त्यांनी मासा पातेल्यात काढला आणि टाकी रिकामी केली. तळातली वाळू परातीत ओतून बोटांनी चाळली. कुजलेलं काहीच नव्हतं. फक्त सुपारीएवढं काही तरी, काळं, गुळगुळीत.

इष्टलिंग होतं. दानम्माचं.

त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून पुरतात आणि जन्मभर गळ्यात बाळगलेलं त्याचं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, ते त्याच्यासोबत मातीत जातं. माती लोटण्याआधी शेवटचं बेलपान रुद्राणीनं ठेवलं होतं, आणि लेकीची मूठही तिनंच मिटली होती.

"मूठ रिकामी होती?" सरांनी विचारलं.

रुद्राणी दारात उभी होती. "पाणी पाणी करत गेली ती. कोरड्या मातीत कसं ठेवू? घरात पाणी म्हणाल तर हितंच होतं."

"दोन वर्षं, रुद्राणी!"

"नका नेऊ हो. हितून काढलं तर ती कुठं जाईल?"

टाकी भरून, मासा सोडून, दुपारच्याच बसनं सर लेकीला पुरलं होतं त्या शेताकडे निघाले. एका हातात पाण्याचा कॅन होता, दुसऱ्या मुठीत लिंग.

बांधाजवळची माती भेगाळली होती. त्यांनी समाधीच्या डाव्या अंगाला कोपरभर खणलं आणि लिंग ठेवलं. मग कॅन उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा न मोजता सगळं पाणी ओतलं. "पी बाई," ते म्हणाले आणि उन्हात बसून ढसाढसा रडले.

चोवीसला आकडा आला अठ्ठावीस.

काचेवरची रेघ आणि पाणी बरोबर जुळलेलं होतं. मासा सरळ पोहत होता. सर कॉलेजातून जवळजवळ पळतच घरी आले होते.

रुद्राणी चटईवर बसली होती. शेजारी तांब्या आडवा पडला होता, रिकामा.

"आकडा उतरला," सर म्हणाले. "जेवलीस?"

"भूकच न्हाई. तुम्ही शेताकडं गेल्यापासून तहान लई लागून राहिली," ती म्हणाली. "अन् ही जोडवी बघा हो. रुतलीत."

सर तिच्या पायाशी बसले. त्यांनी घोट्यावर बोट ठेवलं आणि दाबलं.

खळगा पडला.

सर आकडे मोजू लागले. शंभर झाले, तरी तो भरून आला नव्हता.