शहागडच्या बाकड्यावरची मुलगी

धम्मपाल दुकानात शिरला तो पोस्टर छापून घ्यायला... पण पेन ड्राइव्ह पुढं करता करता त्याचा हात मध्येच थांबला.

परतूरच्या स्टेशन रोडवर प्रियाचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटंसं दुकान होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तिनं पेन ड्राइव्हसाठी तळहात पसरला, तो रिकामाच राहिला. वर पाहिलं तर उंच, किडकिडीत, चार दिवसांची दाढी वाढलेला एक तरुण तिच्याकडं टक लावून बघत होता. जणू फार दिवसांनी ओळखीचं माणूस दिसलं होतं आणि नाव तेवढं आठवत नव्हतं.

"काय छापायचंय?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"तुम्ही..." तो अडखळला. "तुम्ही त्या दिवशी बीडच्या गाडीत का न्हाई चढल्या?"

प्रियानं पसरलेला तळहात मागं घेतला.

ही गोष्ट जगात तिच्या एकटीशिवाय कोणालाच माहीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी तलाठी भरतीचा पेपर होता, सेंटर बीडला आलं होतं. पहाटे घरून निघून ती शहागडला उतरली, कारण तिथं गाडी बदलायची होती. बीडची गाडी आली, आणि ती चढली नाही. अख्खा दिवस तिथंच काढून संध्याकाळी घरी आली आणि सांगितलं, पेपर लय अवघड होता. तिचे वडील अण्णासाहेब जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. लेकीनं सरकारी खुर्चीत बसावं एवढं एकच त्यांच्या मनात. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी." त्या हाताचं ओझं प्रियाच्या पाठीवरून अजून उतरलं नव्हतं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" तिनं हळूच विचारलं.

"कोणी न्हाई. मी पाहिलंय. रोज पाहतो."

हे ऐकून ती ताडकन उभीच राहिली. आपण काय बोलून बसलो ते त्याच्याही ध्यानात आलं, आणि कान लाल करून तो घाईघाईनं सांगू लागला.

तो केदारखेड्याचा. लग्नांची शूटिंग करून साठवलेल्या पैशातून त्यानं एक सिनेमा काढला होता, 'नऊ मिनिटांचा थांबा'. एका ड्रायव्हरचा ट्रक आठवड्यातून एकदा शहागडवरून जातो, नऊ मिनिटं थांबतो, आणि तेवढ्यासाठी त्याची बायको डबा घेऊन येते. बस्स, एवढीच गोष्ट. बायकोचं काम त्याच्या सख्ख्या आत्यानं, बेबीनंदानं केलेलं. आत्या स्टँडवर वाट पाहत बसली आहे असा शॉट चालला होता. कॅमेरा लांब, रसवंतीच्या आडोशाला. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक अनोळखी मुलगी बसली होती. बीडची गाडी आली, मुलगी उठली, एक पाय पायरीवर ठेवला... आणि परत येऊन बसली. गाडी निघून गेली. मग तिनं पिशवीतून पेरू काढला आणि खाता खाता स्वतःशीच हसली.

"अख्ख्या सिनेमात तेवढा एकच शॉट मी ठरवलेला न्हाई," तो म्हणाला, "आणि तोच सगळ्यात चांगला आलाय."

"आणि मला न विचारता तो तुम्ही लोकांना विकून राह्यले?"

"तीन दिवस शोधलं तुम्हाला. चहावाल्याला, कंडक्टरला फोटो दाखवला. शेवटच्या नावांत बघा, 'बाकड्यावरची मुलगी, ओळखत असल्यास कळवा' असं लिहिलंय. खाली माझा नंबर."

प्रियाला हसू येत होतं, ते तिनं दाबलं. इकडं बोलता बोलता त्यानं दिलेल्या पेन ड्राइव्हमधलं पोस्टर स्क्रीनवर उघडलं होतं. रविवार, दुपारी चार, बुद्ध विहाराशेजारचं सभागृह, परतूर. तिचं हसू मावळलं.

तो आपला उत्साहानं सांगतच होता. थिएटरवाले उभं करीत नाहीत, मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्या मेलला उत्तर देत नाहीत. मग त्यानं जुना प्रोजेक्टर घेतला, मोटरसायकलला बांधला, आणि गावोगाव स्वतःच तिकिटं विकत फिरायला लागला. ज्याला यायला जमत नाही त्याला तेवढ्याच पैशात मोबाइलवर लिंक. तेरा गावं झाली, परतूर चौदावं. "सभागृह पण फुकट मिळालं. विहार समितीचे अण्णासाहेब गुरुजी... लय भला माणूस."

"ते माझे पप्पा," प्रिया म्हणाली.

मग तिनं त्याला सगळं सांगितलं, पेपरचं, खोटं बोलल्याचं. सांगितलं नाही ते फक्त गाडीत का चढली नाही, एवढंच.

"काढतो तो शॉट," तो म्हणाला.

तिनं भांडायची तयारी केली होती, ती वाया गेली. "सगळ्यात चांगला म्हणता ना?"

"हो. पण तुमचा आहे."

आता मात्र प्रियाला राहवेना. एका माणसानं दोन वर्षं आपल्याला पाहावं, आणि आपण कसे दिसतो ते आपल्यालाच माहीत नसावं! ती म्हणाली, "मला आधी बघायचाय."

"पन्नास रुपये."

"मी काम केलंय त्यात."

"आत्यानं पण तिकीट काढलं. आमच्यात फुकट कोणालाच न्हाई... नायिकेला सुद्धा." शेवटचा शब्द बोलून तो भिंतीवरचं दरपत्रक वाचायला लागला.

तो गेल्यावर प्रियानं शटर अर्धं ओढलं आणि मोबाइल स्टेपलरला टेकवून पन्नास रुपयांच्या लिंकवर सिनेमा लावला. आपला शॉट तिनं चार वेळा मागं घेऊन पाहिला. त्या दिवसाची आठवण आली की तिला नुसती लाज वाटायची. पण पडद्यावरची मुलगी लाजलेली नव्हती. पाय पायरीवरून खाली घेताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं. आणि बेबीनंदाआत्या न बोलता आपली डब्याची पिशवी सरकवून तिला नीट बसायला जागा करून देत होती. हे तर प्रियाच्या ध्यानातही नव्हतं. ती मुलगी तिला आवडली. तिला तशी पाहणारा तो आडोशामागचा माणूस कसा असेल, हा विचार मात्र तिनं झटकून टाकला. विचार गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी पोस्टर न्यायला तो आला, तेव्हा तिच्याकडं प्रश्नांची रांगच लागली होती. नऊच मिनिटं का? आत्या खरंच रडली का? शॉट कुठं तोडायचा हे कसं कळतं? तो एकेकाचं उत्तर द्यायचा, आणि दर उत्तरामागं म्हणायचा, "आता माझा एक." आणि त्याचा प्रश्न एकच असायचा. प्रिया प्रिंटरमध्ये कागद सारायची, म्हणायची, "कागद अडकला." कागद अडकलेला नसायचा, हे दोघांनाही माहीत होतं.

आठवडी बाजारात तो तिकिटं विकायला निघाला, तेव्हा ती सहज म्हणून सोबत गेली. धम्मपाल पोस्टर छातीशी धरून भाजीबाजाराच्या तोंडाशी उभा राहिला, गप्प. लोकांना वाटलं, बँकेचा माणूस वसुलीला आलाय, आणि ते लांबून जायला लागले. प्रियानं त्याच्या हातातलं पोस्टर ओढून घेतलं आणि वांगी विकणाऱ्या दुर्गाबाईसमोर उकिडवी बसली.

"मावशी, आठवड्यात नऊ मिनिटं नवरा भेटला, तर तुम्ही काय बोलताल?"

दुर्गाबाईनं वजन तसंच हातात धरून विचार केला. "आठ मिनिटं भांडंल," ती म्हणाली, "आणि नवव्या मिनिटाला म्हणंल, जेवून जा."

शेजारच्या बायका खदखदल्या. एकीनं विचारलं, मग सिनेमातली काय म्हणती? "ते रविवारी," प्रिया म्हणाली. तिकिटांचं एक पुस्तक त्या ओळीतच संपलं.

परतताना तो म्हणाला, "तुम्हाला गोष्ट विकता येते."

"तुम्हाला करता येते. विकायला मात्र लाजता."

"सगळंच बोलायला लाजतो," तो म्हणाला, आणि स्टेशन रोड येईपर्यंत उरलेली तिकिटं पुन्हा पुन्हा मोजत राहिला.

शनिवारी दुपारी त्यानं बदललेला सिनेमा लॅपटॉपवर आणून दाखवला. आत्या बसली आहे. गाडी आली, गाडी गेली. बाकड्याचं दुसरं टोक रिकामं होतं. त्यानं त्या वेळी दुसऱ्या एका दिवशी शूट केलेला तुकडा तिथं जोडला होता. बरोबर होतं सगळं, पण प्रियाची नजर त्या रिकाम्या टोकावरून हलेना.

"वाईट वाटतं?" तिनं विचारलं.

"वाटतं. होईल सवय." त्यानं लॅपटॉप मिटला. "आणि तुम्हाला आता काही विचारणार न्हाई मी. उगाच मागं लागल्तो."

त्यानं विचारणं सोडलं, आणि तिला कधी नव्हे ते उत्तर द्यावंसं वाटलं. पण आधी दुसऱ्या एका माणसाला द्यायला हवं होतं.

"जुनाच शॉट ठेवा," ती म्हणाली. "पप्पांचं मी बघते."

संध्याकाळी अण्णासाहेब नव्या भरतीच्या जाहिरातीवर पेन्सिलीनं खुणा करत बसले होते. प्रियानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दिवसभर तिथंच होतीस?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. तिच्या आईनं, चांगुणाबाईनं ताटं वाढली, ते मान खाली घालून जेवले. रविवारी सकाळी कोणाला न सांगताच बाहेर पडले.

चार वाजता सभागृहाच्या खिडक्यांना काळं प्लास्टिक लावलेलं होतं. बाजारातल्या बायका पुढच्या खुर्च्या धरून बसल्या होत्या. प्रिया दारात तिकिटं फाडत होती. रांगेत अण्णासाहेब दिसले, तेव्हा तिच्या हातातलं तिकीट अर्धवटच फाटलं. "गुरुजी, तुम्हाला कशाला तिकीट?" मागून कोणी म्हणालं. "लागतं," ते म्हणाले, पन्नासची नोट लेकीच्या हातात ठेवून आत गेले, आणि समितीची खुर्ची सोडून मधल्या ओळीत बसले.

सिनेमा सुरू झाला. शहागडचा शॉट आला. "अगं, ही तर आपली प्रिया!" कुणीतरी कुजबुजलं. पेरू खाताना ती हसली, तेव्हा अख्खं सभागृह हसलं. अंधारात पप्पांचा चेहरा तेवढा दिसत नव्हता.

संपल्यावर दिवे लागले. धम्मपालनं विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? अण्णासाहेबांनी हात वर केला. जन्मभर ज्यांच्यापुढं इतरांनी हात वर केले, ते गुरुजी हात वर करून उभे होते.

"ती मुलगी गाडीत का चढली नाही?"

"सर, मला माहीत न्हाई," धम्मपाल म्हणाला. "दोन वर्षं झाले, मी पण तेच विचारून राह्यलो." त्यानं दाराकडं पाहिलं. सगळ्या माना मागं वळल्या.

प्रियानं हातातली तिकिटं बाजूला ठेवली. मग ती म्हणाली, "त्याच्याआधी पाच पेपर दिल्ते, पप्पा. पाचही वेळा तुमच्यासाठी. त्या दिवशी पाय उचलला, आणि वाटलं, एक दिवस माझा पाहिजे. नुसता एक. पुढचं काही ठरवलं नव्हतं."

"हे घरी सांगितलं असतं, तर चाललं असतं."

"चाललं असतं?"

अण्णासाहेबांनी खरंच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "नसतं चाललं." सभागृहात हसू फुटलं. ते मात्र हसले नाहीत. लेकीकडं बघत म्हणाले, "आता चालेल."

लोक पांगले. उन्हं कलली होती. आवारातल्या लिंबाखाली धम्मपाल प्रोजेक्टरची पेटी मोटरसायकलला बांधत होता, आणि प्रियानं ती दोन्ही हातांनी धरली होती.

"आता कुठं?"

"मंगळवारी मंठा."

"आणि तिकिटं कोण विकणार?"

"मीच."

"मग विकलीच समजा."

तो हसला. गाठ मारता मारता थांबला. "एक खरं सांगू? एडिटिंग चार महिन्यांत झाल्तं. मी वर्षभर करत बसलो. एकदा का सिनेमा पुरा झाला, की मंग तुम्हाला रोज पाहायला काही निमित्त उरणार नव्हतं, म्हणून..." तो पुन्हा दोरीशी खटपट करायला लागला.

"एवढं चांगलं वाक्य सिनेमात का न्हाई घातलं?"

"भीती वाटली."

"मला पण वाटून राह्यली," प्रिया म्हणाली. वाऱ्यानं लिंबाची पिवळी पानं पेटीवर पडत होती, ती तिनं झटकली नाहीत. "तरी सांगते. मला तू आवडतोस, धम्मपाल. आणि मंगळवारी दुकान बंद ठेवून मी मंठ्याला येणार आहे."

'तू' ऐकलं, आणि त्याच्या हातून दोरी सुटली. पेटी कलंडली, दोघांनी एकदमच ती सावरली, आणि मग किती तरी वेळ दोघांपैकी कोणीच हात काढला नाही.

फाटकापाशी अण्णासाहेब चपला घालत उभे होते. त्यांनी एकदा इकडं पाहिलं, चष्मा वर सरकवला, आणि अगदी सहज विचारावं तसं सिनेमाला आलेल्या चांगुणाबाईला विचारलं,

"काय गं, केदारखेड्यात आपल्या ओळखीचं कोण आहे?"