दुकानात बोलणारा रेडिओ

महाडच्या एस.टी. स्टँडवर सुनीती उतरली ती गोधडीत गुंडाळलेला रेडिओ पोटाशी धरून, आणि समोरून येणाऱ्या माणसावर आदळलीच. गोधडी सरकली.

“अहो, जपून! हा... हा तर आमच्याच दुकानातला!”

“तुमचाच ना? मग घ्या परत. मुका आहे मेला!”

तो कमलाकर, रेडिओ दुरुस्त करणारा. ती आंबेनळी घाटाखालच्या वाडीतली मास्तरीण. वाडीने हौसेने घेतलेला हा पहिलाच रेडिओ. कमलाकरने दुकानात लावला, तर लगेच खणखणीत बोलू लागला! वाडीत नेला, पुन्हा गप्प.

“माहेरी चुरुचुरु आणि सासरी तोंडाला कुलूप,” दुसऱ्या खेपेला सुनीती म्हणाली. “असं काय घाबरवलंय तुम्ही त्याला?”

कमलाकर हसला... आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. दुकानाच्या कौलांवर लांब तार ताणलेली होती. दुसरी तार भिंतीवरून उतरून विहिरीजवळच्या ओल्या मातीत गाडलेली होती. रोज डोळ्यांसमोर, म्हणून कधी ध्यानातच आली नव्हती! रेडिओ वाडीत गेला आणि ज्याच्या जिवावर तो बोलायचा, ते सगळं दुकानातच राहिलं.

मग सुनीती छपरावर ताणायची तार न्यायला आली. कमलाकरने स्वतःच्या रुमालाने स्टूल पुसून दिलं, तिच्यासाठी चहा मागवला आणि स्वतः उभाच राहिला. बाहेर श्रावणाची सर कोसळत होती. ती लवकर थांबू नये, असं सुनीतीला मनापासून वाटलं.

आज शनिवारी ती पुन्हा आली होती. “अजून नुसताच खरखरतो,” म्हणाली.

कमलाकरने खोकं भरायला घेतलं. जादा तार, नवी बॅटरी, जमिनीत ठोकायची लोखंडी नळी, पक्कडसुद्धा. झाकण ठोकताना त्याचा हात रेंगाळला.

“आता कशासाठीच महाडला यावं लागणार नाही तुम्हांला.”

“असं?”

“एखादी वस्तू मुद्दाम मागे ठेवावी, असं मनात आलं होतं,” तो मान खाली घालून म्हणाला. “पण वाडी वाट बघत असेल.”

याच सरळपणावर तर सुनीतीचा जीव जडला होता! पण सरळ माणसाची जीभ वेळेला उचलेल तर शपथ.

“उद्या वडील वाडीत येताहेत... माझं स्थळ पक्कं करायला.”

कमलाकर पांढराफटक पडला. “मी भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस. कोणत्या तोंडाने...”

गाडी सुटायची वेळ झाली होती. आत्ता नाही, तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

“वाडी वाट बघत नाहीये,” ती म्हणाली. “आमच्या शेजारच्या हैबतीदादांनी मागेच ओढ्याकाठी पहार ठोकली, तिला तार बांधली. म्हणाले, ‘बाई, आता बोलतोय बगा, कसली खरखर नाय!’ तेव्हापासून रोज संध्याकाळी सगळी वाडी ऐकायला बसते.”

“मग... आज तुम्ही कशाला आलात?”

सुनीतीने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत.

कमलाकरने हातातली हातोडी हळूच खाली ठेवली.

“वडील कुठल्या गाडीने येणार?”

“दुपारच्या.”

“मी सकाळच्याने येतो,” तो म्हणाला.